दहावीनंतर आयटीआय, व्होकेशनल बारावी की सहा महिन्यांचं सर्टिफिकेट? खान्देशातल्या जाणकारांनी सांगा

केळीबाग यावल:

नमस्कार मंडळी, यावल तालुक्यातून लिहितोय. पोरगा यंदा दहावी पास झाला, ६१ टक्के पडले, गणितात कसाबसा निघाला. पण हात चालतो त्याचा. शेतातली मोटार बंद पडली की मी वायरमनला फोन लावेपर्यंत हा टेस्टर घेऊन स्टार्टरपाशी बसलेला असतो, मलाच ओरडावं लागतं की अरे आधी मेन स्विच पाड, मग हात लाव. त्याचं एकच चालू आहे, मला इलेक्ट्रिशियनला टाका.

घरात दोन तट पडलेत. मोठे भाऊ म्हणतात आयटीआय म्हणजे शिक्षण थांबलं समजा, जळगावला अकरावी सायन्सला टाक, बारावी तरी होऊ दे, उद्या सोयरीक पाहायला आले की लोक बारावी विचारतात. त्याच्या आईचंही तेच. शाळेतले सर म्हणाले अकरावी बारावी व्होकेशनल घ्या, बारावी पण होईल आणि काम पण शिकेल. आणि तिसरं म्हणजे एका क्लासवाल्याने बसस्टँडसमोर बॅनर लावलंय, सहा महिन्यात इलेक्ट्रिशियन, सरकारमान्य सर्टिफिकेट, शंभर टक्के नोकरी, फी २८ हजार. केळीला भाव कधी आहे कधी नाही, २८ हजार काही कमी नाहीत पण पोराचं भलं होत असेल तर देऊ.

तर मला एवढं सांगा की आयटीआय केल्यावर बारावी धरतात का, पुढे डिप्लोमा करता येतो का, आणि नोकरीला गेल्यावर कोणतं सर्टिफिकेट चालतं. पोरगी नववीत आहे, तिच्या शाळेत हेल्थकेअर की काय विषय सुरू झालाय, तो घेऊ द्यावा का तेही सांगा. ज्याने स्वतः केलंय त्याने सांगितलं तर फार बरं होईल.

निवृत्त निदेशक, धुळे:

दादा, मी आयुष्यभर आयटीआयमध्ये पोरं शिकवली, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी तुमच्या भावाच्या शंकेचं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास केला की बारावीची समकक्षता मिळते. पण ती आपोआप हातात येत नाही, त्यासाठी बोर्डाची भाषा विषयांची परीक्षा द्यावी लागते, एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, तिच्याकडूनही रस्ता आहे. बरीच पोरं आळस करतात, ट्रेड पास झाला की फॉर्मच भरत नाहीत आणि मग एखाद्या भरतीत बारावी मागितली की धावपळ करतात. तुम्ही त्याच्याकडून ते काम ट्रेड चालू असतानाच करून घ्या म्हणजे घरातला वादच मिटला. आणि डिप्लोमाचं म्हणाल तर दहावी अधिक दोन वर्षांचा आयटीआय यावर पॉलिटेक्निकला डायरेक्ट सेकंड इयरला अर्ज करता येतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी पॉलिटेक्निक आहे. फक्त तिथे गेल्यावर गणित एकदम अंगावर येतं, फर्स्ट इयरचं गणित झालेलं नसतं ना, तर तुमच्या पोराला त्या बाबतीत आतापासून सांगून ठेवा, आयटीआयच्या दोन वर्षात गणित सोडायचं नाही.

आता सर्टिफिकेटचं. इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, एका तुकडीत २० पोरं. २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास धरलेत आणि त्यातले ८४० तास निव्वळ प्रात्यक्षिक आहे. हजेरी ८० टक्के नसली तर परीक्षेला बसता येत नाही. शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट होते, त्याचं जे राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं ते देशात कुठेही चालतं, रेल्वे असो, वीज कंपनी असो की गुजरातमधला कारखाना असो. हे १९५० पासून चालत आलेलं आहे, कोणी काल उघडलेलं दुकान नाही. आता तुम्हीच हिशोब करा, दोन वर्षं आणि २४०० तास एका बाजूला आणि सहा महिने संध्याकाळी दोन दोन तास दुसऱ्या बाजूला.

सरांनी सांगितलेलं व्होकेशनल वाईट नाही. आधी त्याला एमसीव्हीसी म्हणायचे, १९८८-८९ च्या सुमारास सुरू झालं, नंतर एचएसव्हीसी झालं. इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाईल, हॉर्टिकल्चर, मेडिकल लॅब, अकाउंटिंग असे विषय असतात, इंग्रजी मराठी आणि पायाभूत विषय सगळ्यांना, बाकी धंद्याचे पेपर आणि प्रात्यक्षिक. बारावी बोर्डाचीच मिळते. डिप्लोमाला सेकंड इयरचा रस्ता त्यालाही आहे, बीए बीकॉम करता येतं. पण दोन गोष्टी पाहून घ्या. एक तर तुमच्या जवळच्या कॉलेजात ते युनिट अजून चालू आहे का आणि शिकवायला पूर्णवेळ माणूस आहे का, कारण बऱ्याच ठिकाणी हा विभाग नुसता नावाला उरलाय. आणि दुसरं, जिथे जाहिरातीत आयटीआयचा ट्रेड स्पष्ट मागितलेला असतो तिथे ही बारावी त्या जागेवर धरत नाहीत. पोराला इलेक्ट्रिशियनच व्हायचंय तर मी आयटीआयच सांगीन.

आणि प्रवेश घ्यायच्या आधी पोराला घेऊन वर्कशॉप पाहून या, ऑफिसमध्ये बसून परत येऊ नका. वाइंडिंगच्या टेबलावर अर्धवट गुंडाळलेली कॉइल पडलेली दिसली, वायरिंगच्या बोर्डला स्क्रूची जुनी भोकं दिसली, तर समजा तिथे पोरं हाताने काम करतात. मशिनीवर प्लास्टिकचं कव्हर तसंच असेल तर निदेशकांना विचारा की मागच्या बॅचने यावर काय केलं.

शहादेकर:

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. ६१ टक्के काही वाईट नाहीत. पंधरा सोळा वर्षाच्या पोराचं आज इलेक्ट्रिशियन तर उद्या दुसरंच काहीतरी असतं, एवढ्या लवकर एका ट्रेडमध्ये बांधून टाकू नका. अकरावी सायन्सला बायफोकल म्हणून प्रकार असतो, त्यात दुसरी भाषा आणि एक विषय यांच्या जागी २०० मार्कांचा व्यवसाय विषय घेता येतो, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स, क्रॉप सायन्स, पशुपालन असे. ज्या कॉलेजला मंजुरी आहे तिथेच मिळतो, पण मिळाला तर सायन्स पण राहतं आणि हाताचं काम पण सुटत नाही. बारावीला मार्क पडले तर पुढे इंजिनिअरिंगचा दरवाजा उघडा राहतो जो आयटीआयवाल्याला डिप्लोमा करून लांबून गाठावा लागतो. माझ्या पुतण्याने असंच केलं, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, त्याला त्या २०० मार्कांनी टक्का पण वाढवून दिला.

निवृत्त निदेशक, धुळे:

शहादेकर, तुमचा मुद्दा ज्याला अभ्यासाची गोडी आहे त्याच्यासाठी अगदी बरोबर आहे, आणि बायफोकलची माहिती तुम्ही दिली ते फार चांगलं झालं, लोकांना माहीतच नसतं. पण जो पोरगा दहावीला गणितात कसाबसा निघाला त्याला अकरावीचं फिजिक्स गणित झेपेल का याचा विचार करा. आमच्याकडे दर वर्षी बारावी सायन्स नापास झालेली पोरं यायची, हुशार पोरं, हाताने सोन्यासारखी, पण दोन वर्षं मान खाली घालून काढलेली असायची, वर्गात मागे बसायची, प्रश्न विचारायला घाबरायची. त्यांना परत उभं करायला वेळ जायचा. आणि या पोराने स्वतःहून सांगितलंय की मला काय करायचंय, सोळाव्या वर्षी एवढं स्पष्ट कितीजण सांगतात?

चोपडा रिवाइंडिंग:

केळीबाग भाऊ, घाबरानं काम नही, पोऱ्या ज्या म्हणी ऱ्हायना ते करू द्या. 🙏

मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, तापीकाठच्या गावांचं काम माझ्याकडे येतं. आमचा सीझन म्हणजे मार्च ते जून, ऊन तापलं की केळीला पाणी थांबवता येत नाही आणि नेमका तेव्हाच एखादा फेज जातो, स्टार्टर ऑटोवर टाकलेला असतो, मोटार दोन फेजवर घों घों करत राहते आणि वाइंडिंग काळं पडतं. रात्री दहाला माणूस ट्रॅक्टरमध्ये मोटार टाकून दारात उभा, सकाळपर्यंत पाहिजे म्हणतो, बाग वाळतेय त्याची.

आता मी पोरगा कामाला घेताना काय पाहतो ते सांगतो. जळालेली मोटार समोर ठेवतो आणि सांगतो खोल. जो शिकलेला आहे तो लगेच हातोडी घेत नाही, आधी कनेक्शन कुठून कुठे गेलंय ते कागदावर काढतो. मग जुनी कॉइल कापताना टर्न मोजतो, तार घासून मायक्रोमीटरने गेज पाहतो आणि वहीत लिहितो, कारण एकदा तार भंगारात गेली की परत कोणाला विचारणार. स्लॉट साफ करून कागद बसवतो, कॉइल भरताना तारेचं इनॅमल खरचटू देत नाही, वार्निश मारून नीट वाळवतो, आणि सगळं झाल्यावर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावल्याशिवाय सप्लाय देत नाही. आयटीआयच्या पोरांना हे सगळं लगेच जमतं असं नाही, हात बसायला माझ्याकडेही वर्ष जातं, पण त्यांना मेगर कशाला लावायचा हे माहीत असतं. असेच एका सहा महिन्यांच्या क्लासचं लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट घेऊन आलेल्या एका पोराला मायक्रोमीटर वाचता येत नव्हता, त्याची काय चूक, त्याला दाखवलाच नव्हता कोणी. पैसे मात्र पुरे घेतले होते. असल्या क्लासवाल्यांचा मला मनापासून संताप येतो, गरिबाची पोरं असतात हो.

अजून एक, आता सोलर पंपाची कामं भरपूर झालीत. आधी कुसुम योजना होती, २०२४ पासून मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आली, गावोगावी पॅनल लागलेत पण कंट्रोलरला एरर आला की पाहणारा माणूस जवळपास नाही. आयटीआयला सोलर टेक्निशियनचा वेगळा एक वर्षाचा ट्रेड पण आहे, पण मी म्हणेन दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनच करू द्या, सोलर त्याला नंतर शिकता येतं, उलटं अवघड जातं. वायरमनचं परमिट काढायलाही हेच सर्टिफिकेट कामाला येतं, पुढे स्वतःची कामं घ्यायची तर ते हवंच.

सुट्टीत पाठवा त्याला माझ्याकडे, चोपडा काही लांब नाही, पाहू द्या काम कसं असतं. जेवणाची सोय घरची.

शेडवाली, भुसावळ:

काका, मी स्वतः केलंय म्हणून लिहिते. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडची आहे आणि सध्या रेल्वेत अप्रेंटिस करतेय. आमच्या बॅचला आम्ही पोरी अगदी मोजक्या होतो, सुरुवातीला पोलवर चढायचं प्रॅक्टिकल आलं की सगळे आमच्याकडे बघायचे, दुसऱ्या महिन्यापासून बघणं बंद झालं. तुमच्या पोरीबद्दल पण लिहिणार आहे पण आधी अप्रेंटिसचं सांगते कारण ते कोणीच सांगितलं नाही.

आयटीआय संपला म्हणजे संपलं नाही, त्याच्यानंतर अप्रेंटिस करायलाच पाहिजे. सेंट्रल रेल्वेच्या जाहिरातीत भुसावळ क्लस्टर वेगळा असतो, लोको शेड, वर्कशॉप, कॅरेज अँड वॅगन असं सगळं त्यात येतं. परीक्षा नसते, दहावीचे मार्क आणि आयटीआयचे मार्क यांची सरासरी काढून मेरिट लागतं, म्हणून त्याला सांगा दहावीचे ६१ आता बदलणार नाहीत पण आयटीआयचे मार्क त्याच्या हातात आहेत. दहावीला किमान ५० टक्के लागतात ते त्याला आहेतच. वय १५ ते २४. २०१९ च्या नियमात आयटीआयवाल्यांना स्टायपेंड महिन्याला किमान ७ हजार ठरवला होता, आता किती आहे ते जाहिरातीत बघा. घरी राहून येजा करणाऱ्याला ठीक आहे, बाहेरगावहून येऊन रूम करणाऱ्याला तंगी होते हे खरं.

आणि खोटी आशा ठेवू नका, अप्रेंटिस केली म्हणजे रेल्वेची नोकरी लागली असं नाही. पण रेल्वेच्या लेव्हल वनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा ठेवलेल्या असतात, असिस्टंट लोको पायलटच्या फॉर्मला आयटीआय चालतो, आणि रेल्वेचं नाही झालं तरी दीपनगरचं पॉवर स्टेशन आहे, वरणगाव भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, जळगाव एमआयडीसीत पाइप चटईचे कारखाने आहेत, तिकडे मेन्टेनन्सला माणूस लागतोच.

तुमच्या पोरीच्या शाळेतला विषय नक्की घेऊ द्या. नववी दहावीला एका विषयाच्या जागी असतो, हेल्थकेअर, ब्युटी, ऑटोमोटिव्ह, शेती, जसं त्या शाळेला मिळालं असेल तसं. प्रात्यक्षिकाचे मार्क असतात आणि बोर्डाच्या मार्कशीटवर येतो. त्याच्यावर लगेच नोकरी नाही मिळणार, पण तिला आवडतंय की नाही हे तिला दहावीच्या आधी कळेल. आणि नंतर तिलाही आयटीआयला यायचं असेल तर येऊ द्या काका, मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत आणि दर वर्षी कितीतरी तशाच राहतात, शिवण आणि ब्युटीपार्लरच्या पुढे कोणी पाहतच नाही.

पारोळा:

सरकारमान्य या शब्दाला फसू नका एवढंच सांगायला आलोय. माझ्या बहिणीने दहावीनंतर एक वर्षाचा नर्सिंगचा कोर्स केला, बॅनरवर असंच मोठं लिहिलेलं होतं. आईने बचत गटाचं कर्ज काढून फी भरली. सर्टिफिकेटवर तिरंगा, अशोकचक्रासारखं काहीतरी, आयएसओ नंबर, सगळं काही, पण खाली सही कोणाची तर त्याच संस्थाचालकाच्या ट्रस्टची. हॉस्पिटलला गेल्यावर मॅडमनी पहिलं विचारलं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखव. ते मिळतं एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे मान्य कोर्स केल्यावर, एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, दोन्ही बारावीनंतर. एक वर्षवालीला आया म्हणून ठेवतो म्हणाले. घरी येऊन ती दोन दिवस बोलली नाही. आता बारावी करून परत एएनएमला बसलीय, शिकतेय जिद्दीने, पण ते वर्ष आणि ते पैसे कोण देणार.

त्या क्लासवाल्याकडे जाऊन फक्त एवढं विचारा की परीक्षा कोण घेतं आणि सर्टिफिकेटवर नाव कोणाचं येतं, लेखी द्या म्हणा. राज्याचं व्यवसाय शिक्षण मंडळ सहा महिन्यांचे, एक वर्षाचे कोर्स चालवतं ते खरे असतात, सगळेच सहा महिनेवाले खोटे नाहीत. मंडळाचा असेल तर तो मान्यतेचं पत्र दाखवेल, टाळाटाळ करायला लागला की उठून या. प्रायव्हेट आयटीआय असेल तर केंद्राच्या स्किल इंडियाच्या पोर्टलवर संस्थेचं नाव आणि ट्रेड शोधता येतो, तिथे नसेल तर नाही म्हणजे नाही. आणि आता राष्ट्रीय सर्टिफिकेट ऑनलाइन निघतं, क्यूआर कोड असतो. त्या क्लासच्या जुन्या पोराचं एखादं सर्टिफिकेट मागून मोबाईलने स्कॅन करून बघा, काय उघडतं ते.

केळीबाग यावल:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी नातेवाईक पण बसून सांगत नाही. ताई, तुझा मेसेज मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला, पोरीने तर दोनदा वाचला.

काल पोराला घेऊन आयटीआयला गेलो होतो. सरांनी सांगितल्याप्रमाणे थेट वर्कशॉपला गेलो, तिथल्या निदेशकांनी अडवलं नाही, उलट पोराला एक स्टार्टर उघडून दिला आणि विचारलं यातली नो व्होल्ट कॉइल कोणती. त्याने बरोबर दाखवली. ओव्हरलोड रिले कसा सेट करतात ते नाही सांगता आलं, मग त्यांनीच मोटारीच्या प्लेटवरचा अँपिअर वाचायला लावून समजावलं. मोठे भाऊ पण सोबत होते, ते काही बोलले नाहीत पण परत येताना गाडीत विचारलं की समकक्षतेचा फॉर्म कधी भरतात. पारोळ्याच्या भाऊंनी सांगितलं तसं क्लासवाल्याला लेखी मागितलं, तो म्हणाला आधी ॲडमिशन घ्या मग देतो. तो विषय संपला.

चोपड्याच्या भाऊ, पोरगा रविवारी येतो तुमच्याकडे, नंबर मेसेजमध्ये टाका.

आता फॉर्मचं एक विचारायचं राहिलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये विकल्प किती आणि कसे टाकायचे? सायबर कॅफेवाला म्हणतो दिसतील तेवढे सगळे ट्रेड भरून टाका, काही ना काही लागतंच.

निवृत्त निदेशक, धुळे:

कॅफेवाल्याचं अजिबात ऐकू नका. पहिला विकल्प फार जपून टाका. फेरीत पहिल्या विकल्पाची जागा लागली तर ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होतं. पोराला इलेक्ट्रिशियन हवं आहे तर पहिला विकल्प इलेक्ट्रिशियन आणि जे आयटीआय तुम्हाला रोज येजा करायला झेपेल ते. त्याच्याखाली भुसावळ, जळगाव, फैजपूर रावेरकडचं जिथे तो ट्रेड असेल तिथला इलेक्ट्रिशियन, मग वायरमन. वायरमनला आठवी पासवरही प्रवेश असतो म्हणून लोक त्याला हलकं समजतात, तसं समजू नका, वीज कंपनीच्या भरतीत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन्ही मागतात. जो ट्रेड लागला तर पोरगा जाणारच नाही तो भरूच नका, दुसऱ्या कोणाची तरी जागा अडते.

शाळेचा दाखला, मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल हे सगळं आताच काढून ठेवा, तहसीलला जूनमध्ये सेतूपाशी रांग असते. फॉर्म भरल्यावर तो जवळच्या सरकारी आयटीआयला जाऊन कन्फर्म करून घ्यायचा, नुसता भरून ठेवला तर मेरिटला नाव येत नाही. कन्फर्म करताना ओरिजिनल कागद आणि पोरगा दोघं सोबत असू द्या.